आजोबा फौजीपण होते आणि सुतारपण, त्यांचं आयुष्य लिहून कसं ठेवायचं

घरात नव्वदी पार केलेलं माणूस असतं, ऐन तारुण्य फौजेत गेलेलं, मग पेन्शनीत येऊन गावात सुतारकाम नाहीतर गवंडीकाम नाहीतर वेल्डिंगचं दुकान, मुलं, सुना, नातवंडं, पतवंडं, आणि ते गेलं की पेपरात दोन इंचाचा फोटो येतो, खाली "माजी सैनिक, प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाचे" आणि संपलं. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तर गावोगाव असे म्हातारे आहेत, अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी, गावांच्या नावातच फौज. एवढ्या मोठ्या आयुष्याला दोन इंच फार कमी आहेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून आमच्या आबांचं आम्ही घरच्यांनी मिळून जे लिहून ठेवलं त्यावरून हे सांगतोय. आबा बॉम्बे सॅपर्समधे होते, म्हणजे फौजेसाठी पूल-रस्ते करणारी, सुरुंग काढणारी इंजिनिअर पलटण, खडकीची बीईजी, ट्रेड कारपेंटर, आणि घरी आल्यावरही हातात रंधाच. तुमच्याकडे पलटण दुसरी असेल, धंदा दुसरा असेल, पद्धत चालून जाईल.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, प्रश्नांची यादी घेऊन म्हाताऱ्या माणसासमोर बसू नका, त्यांच्या हातात वस्तू द्या. "आबा तुमचं लहानपण कसं होतं" असं विचारलं की उत्तर येतं "काय सांगायचं, गरिबी होती" आणि गप्प. पण जुनी पटाशी आणून हातात दिली आणि विचारलं की ही कुठून घेतली, मूठ कुणी बसवली, तर मग थांबत नाहीत, मूठ बाभळीची आहे, ती बाभळ कुणाच्या बांधावरची होती, त्या माणसाशी पुढे भांडण कसं झालं आणि मिटलं कसं, इथपर्यंत जातात. फोटोचं तसंच, काळी ट्रंक उघडा, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेलं असतं ना ती, आतलं एकेक काढून समोर ठेवा, बिस्तरबंदाचा पट्टा असेल, मफलर असेल, इनलँड लेटरं असतील. एका बैठकीत एकच वस्तू घ्या. सकाळी चहा झाल्यावर माणूस ताजं असतं, संध्याकाळी नावं विसरायला होतं आणि विसरलं की त्यांनाच वाईट वाटतं.

रेकॉर्डिंगला मोबाईल पुरतो, फक्त तो त्यांच्या जवळ ठेवा, खाली टॉवेलची घडी घाला, पंखा बंद करा कारण पंख्याचा आवाज नंतर जात नाही, आणि फोन फ्लाइट मोडवर टाका नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत कॉल येतो. सुरुवातीला तारीख, जागा, कोण कोण बसलंय ते बोलून घ्या. कानाला कमी येत असेल तर त्यांच्या ओळखीच्या आवाजाच्या माणसाला विचारू द्या, मुलगी विचारते तेव्हा जे सांगतात ते नातवाला सांगत नाहीत, हे आमच्याकडे स्पष्ट दिसलं. आणि ते "चांदमारी", "लंगर", "पिट्टू", "फॉलिन" असे फौजी शब्द बोलतात ते तसेच लिहा, शुद्ध करत बसू नका.

आता तारखा. जुन्या माणसांचा वाढदिवस कागदावर बहुतेक 1 जून असतो कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली, त्यामुळे तो खरा धरून चालू नका. त्यांना साल विचारूच नका, घटना विचारा. कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर (तो 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला), बहात्तरच्या दुष्काळात कुठे होता, गोवा मोकळा झाला तेव्हा सुट्टीवर होता की पलटणीत (डिसेंबर 1961), थोरलीचं लग्न त्याआधी की नंतर. अशा तीन-चार खुंट्या पक्क्या झाल्या की बाकीचं आपोआप त्यांच्यामधे बसत जातं. कागदंही मदत करतात. हिशोबाच्या वहीत आणे-पै असतील तर ते पान बहुतेक 1957 च्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं, कारण 1 एप्रिल 1957 पासून नये पैसे आले, अर्थात बोलण्यात आणे पुढे खूप वर्षं राहिले तेवढं लक्षात ठेवा. दाखल्यावर "मुंबई राज्य" असेल तर 1 मे 1960 च्या आधीचा. पत्राच्या पत्त्यात पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. आणि फौजेतल्या पत्रावर 56 एपीओ किंवा 99 एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस) बघून ते अमुक ठिकाणी होते असं ठरवू नका, तो पत्ता मुद्दामच जागा कळू नये असा असतो, जागा कळते ती पत्रातल्या मजकुरातून, थंडी किती, भात मिळतो का रोटी, नदी आहे का.

फौजेच्या कागदांत डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळतं ते, सगळ्यात मोलाचं. भरतीची तारीख, आर्मी नंबर, ट्रेड, प्रमोशन, मेडलं, पेन्शनीत आल्याची तारीख, बरंच त्यात सापडतं. त्याचं प्रत्येक पान स्कॅन करा, कोरं दिसणारंपण, कारण मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असतं. जुन्या कागदात "जमादार" हा हुद्दा आला तर गोंधळू नका, 1965 पासून त्यालाच नायब सुभेदार म्हणायला लागले. डिस्चार्ज बुकच हरवलं असेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे माजी सैनिकांची नोंदणी असते, आणि मग ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या कागदाची) झेरॉक्स आणि तुमचं नातं लिहून स्पीड पोस्टने पत्र पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं काम बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. आजी हयात असतील तर अर्ज त्यांच्या सहीने जाऊ द्या.

मेडलं पुसून चकचकीत करू नका. स्वातंत्र्यानंतरच्या मेडलांच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं, ब्रासो पॉलिश घासून घासून ते पुसट होतं. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि कडेचा फोटो काढा, वाचता येतं. कोणतं मेडल कशाचं हे कळलं की अर्धी गोष्ट उलगडते. समर सेवा स्टार म्हणजे 1965 च्या लढाईच्या क्षेत्रात होते, पूर्वी स्टार म्हणजे 1971 ला बांगलादेशच्या बाजूला, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिमेकडच्या पाकिस्तान सीमेवर. संग्राम मेडल मात्र 1971 च्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं, त्यावरून आघाडीवर होते असं लिहू नका. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर जी आडवी पट्टी असते तिच्यावर भागाचं नाव असतं, ते वाचा.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण बऱ्याच घरात ही अडते. आजोबा म्हणतात "मी कुठं लढलो, मी तर सुतार होतो" किंवा "आम्ही नुसते रस्ते केले" आणि घरचे तेच खरं धरून फौजेचं प्रकरण दोन ओळीत उरकतात. सॅपरचं काम काय असतं ते माहीत करून घ्या आणि मग परत विचारा. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळालं ते 1948 च्या एप्रिलमधे नौशेरा ते राजौरी रस्त्यावर, गोळीबार चालू असताना सुरुंग काढून आणि अडथळे हटवून रणगाड्यांना वाट करून दिली म्हणून, तेपण बॉम्बे सॅपर्सचेच. बेली ब्रिज म्हणजे लोखंडी तुकडे जोडून उभा करायचा पूल, त्याचा एक पॅनल दहा फूट लांब आणि साधारण 260 किलोचा, तो सहा जण मिळून उचलतात, अंधारात, पाण्यावर. आम्ही हे वाचून आबांना विचारलं की पॅनल उचलताना तुम्ही कुठल्या बाजूला असायचा, तेव्हा पहिल्यांदा ते उठून उभे राहिले आणि हात कसे धरायचे ते करून दाखवायला लागले, काठी बाजूला ठेवून. लढाईचं वर्णन त्यांनी कधीच केलं नाही, पण पूल कसा पुढे सरकवायचा ते पूर्ण सांगितलं, आणि मला विचाराल तर तीच त्यांची लढाई होती.

जे सांगायचं नाही ते काढून घेऊ नका. जोडीदार गेला, कुणाला खांद्यावरून आणलं, अशा ठिकाणी माणूस थांबलं की आपणपण थांबायचं, रेकॉर्डिंग बंद करायचं, पाणी द्यायचं. नंतर कधी ते स्वतःहून बोलले तर ठीक.

पेन्शनीनंतरचा धंदा हा भाग लोक फारच थोडक्यात लिहितात आणि मला तिथेच जास्त रमायला होतं, कारण फौजेची वर्षं संपतात पण हातातली कला चाळीस-चाळीस वर्षं चालते. गावात फिरा आणि त्यांनी केलेल्या वस्तू शोधा. दाराच्या चौकटी, देव्हारे, पाळणे, शाळेची बाकं, कुळव, पाभर, बैलगाडीची चाकं. ज्याच्या घरी वस्तू आहे त्याला विचारा कधी केली, मजुरी काय दिली, पैसे दिले का ज्वारी दिली. आमच्याकडे एका म्हाताऱ्या काकूंनी सांगितलं की पाळण्याचे पैसे आबांनी घेतलेच नाहीत, म्हणाले पोरगं चालायला लागलं की दे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. वस्तूचा फोटो लांबून एक, आणि सांध्याचा जवळून एक काढा, कारण सुताराची सही सांध्यातच असते. चाकाचा तुंबा (मधला गड्डा) कुठल्या लाकडाचा, आरे कशाचे, धाव (वरचा लोखंडी पट्टा) कोण चढवायचं, हे त्यांच्याकडून किंवा जुन्या लोहाराकडून लिहून घ्या, ट्रॅक्टर आल्यापासून हे सांगणारी माणसं झपाट्याने कमी होतायत. हत्यारं वाटून टाकायच्या आधी सगळी एका चादरीवर मांडून फोटो काढा. रंध्याला वॉर्निश मारू नका, हाताने झिजलेली जागा तशीच राहू द्या, लोखंडाला फक्त तेलाचं फडकं फिरवा. आणि घरात कुणी सुतारकाम करणारं असेल तर पटाश्या त्याला द्या, शोकेसमधे ठेवण्यापेक्षा ते बरं.

आजीचं स्वतंत्र रेकॉर्डिंग करा, आजोबा समोर नसताना. ते वर्षाकाठी सुट्टीवर यायचे, बाकी दहा महिने शेत, जनावरं, सासू, पोरांची आजारपणं सगळं तिनेच काढलं. मनिऑर्डर किती यायची, तिच्या खालच्या चिठोऱ्यावर काय लिहिलेलं असायचं, ते कुणाकडून वाचून घ्यायची, 1971 च्या डिसेंबरात रेडिओ कुणाच्या घरी ऐकायला जायची, हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. सुट्टीवरून आलेल्या बापाला ओळखलं नाही आणि रडलो, हे आमच्या मामानेच सांगितलं. माणूस घरावर किती जीव लावायचा हे "कुटुंबवत्सल" लिहून कळत नाही, सुट्टीतले दिवस कसे घालवायचा त्यातून कळतं, आबा पहिल्या दिवशी घरातली सगळी मोडकी खाटलं-पाट दुरुस्त करायचे आणि मगच पाहुण्यांकडे जायचे.

जुने फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा, मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नाही, आणि लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपपण नको. स्टुडिओचा शिक्का मागे असेल तर तोपण स्कॅन करा, त्यावरून गाव कळतं. पीपीओ, बँकेचं पासबुक, आधार यांचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, पेन्शनरांना फसवणारे असल्याच माहितीवर टपलेले असतात, पुस्तिकेतही नंबर झाकून छापा.

छापायचं निमित्त म्हणून सहस्रचंद्रदर्शन उत्तम, साधारण एक्क्याऐंशीव्या वर्षी येतं आणि माणूस स्वतः वाचून चुका सांगू शकतं. ते होऊन गेलं असेल तर नव्वदीचा वाढदिवस करा, आणि माणूस गेलं असेल तर वर्षश्राद्धाला द्या, तेराव्याच्या घाईत करू नका, त्या दिवसांत कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं आणि नावं राहून जातात, मग एखादी आत्या कायमची दुखावते. डिजिटल प्रेसवाला थोड्या प्रतीपण काढून देतो. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, 24 किंवा 32 करा, अक्षर 16 पॉइंटच्या खाली नको कारण वाचणारे बरेच सत्तरीचे असणार. शेवटची दोन पानं कोरी सोडा. आमच्याकडे त्या कोऱ्या पानांवर लोकांनी जे लिहून आणून दिलं त्यातून पलटणीतले त्यांचे एक सोबती सापडले, ते अजून आहेत, कराडजवळ राहतात, आता त्यांचं रेकॉर्डिंग चालू आहे.