बसल्या जागी

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकाठी सहासष्टाव्या वर्षी मी चिखलात लोळलो. पाण्याच्या पातळीवरून बदकांचा फोटो छान येतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून दहा मिनिटं उकिडवा बसलो. मग झटक्यात उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोन किलोच्या लेन्ससकट आडवा झालो. लेन्सला ओरखडासुद्धा नाही. ती छातीशी धरून खांद्यावर पडलो होतो ना! पुढचे चार-पाच महिने शर्टाची उजवी बाही बायको घालून देत होती आणि रोज एकदा तरी म्हणत होती, “अहो, आता पुरे की.”

पुरे केलं नाही. आता त्र्याहत्तर चालू आहे आणि आठवड्यातून दोन सकाळी मी बाहेर असतो. मात्र त्या पडण्याआधीची फोटोग्राफी आणि नंतरची फोटोग्राफी यांत फार फरक आहे. निवृत्तीनंतर नव्यानं कॅमेरा घेणारे लोक भेटले की हाच फरक सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. भेटल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, “कुठला कॅमेरा घेऊ?” मी उलट विचारतो, “गुडघे कसे आहेत?”

माझं सांगायचं तर नोकरीची सगळी वर्षं चादरीच्या नक्षीकामात गेली. जॅकार्डवर चादर विणण्याआधी तिची नक्षी ग्राफ कागदावर चौकोन-चौकोन भरून काढावी लागते, त्यावरून कार्डांना भोकं पडतात आणि माग कुठला धागा उचलायचा ते त्या भोकांवरून ठरतं. ते चौकोन मी भरायचो. ट्यूबलाइटखाली, मान खाली घालून. मोर तर किती काढले असतील, गणती नाही. खरा मोर नीट पाहायला सवड मिळाली ती निवृत्तीनंतर.

सुरुवातीला मीही सगळ्यांनी केलं तेच केलं. मोठा कॅमेरा, १५०-६०० मिलीमीटरची झूम, भक्कम ट्रायपॉड, पाठीवर सॅक. सगळं मिळून पाच किलोंच्या वर. साठीत ते जमलं, पण पासष्टीनंतर एक गोष्ट लक्षात आली. सॅक दाराशी ठेवलेली असायची आणि मी पलंगावरून तिच्याकडे बघत “आज ढग आहेत” असं काहीतरी कारण काढायचो. ढगांचं काही नव्हतं, ओझं नको होतं. खांदा बरा झाल्यावर सगळं विकलं आणि निकॉनचा पी-९५० घेतला. वजन साधारण एक किलो. लेन्स बदलायची भानगड नाही, आणि झूम मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २००० मिलीमीटरपर्यंत जातो. फुकट काहीच मिळत नाही. आतला सेन्सर नखाएवढा आहे, त्यामुळे अंधुक उजेडात फोटोला दाणे येतात. उडता पक्षी पकडताना तो तरण्या पोरांच्या कॅमेऱ्यापुढे मागे पडतो. मला चालतं. घरी पडलेल्या उत्तम कॅमेऱ्यापेक्षा गळ्यात असलेल्या मध्यम कॅमेऱ्यानं मला जास्त फोटो दिलेत.

खर्च करायचाच असेल तर घडीच्या स्टुलावर करा. इथे लोक कंजुषी करतात आणि वीतभर उंचीचं, लहान मुलाला शोभेल असं स्टूल आणतात. दुकानातच बसून बघा. हात मांडीवर ठेवून, कशाचाही आधार न घेता उठता आलं तरच घ्या. बैठक तुमच्या गुडघ्याएवढी उंच हवी. आणि उठायची एक पद्धत आहे. आधी पावलं जरा हलवायची, मग सरळ बसून वीस आकडे मोजायचे, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर लगेच पाऊल टाकायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे फारच पाळा. माझा खांदा याच वीस आकड्यांनी वाचला असता.

स्टुलावर बसलं की काय होतं ते सांगतो. हिप्परग्याला सकाळी काठाशी जाऊन बसलात की जवळपासचं सगळं पांगतं. वारकरी पाण्यावर धावत दूर जातात. (हा वारकरी म्हणजे पाणपक्षी. काळं अंग, कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे नाव वेगळं समजावून सांगायला नको.) पहिली दहा-पंधरा मिनिटं काही होत नाही. नवा माणूस इथेच कंटाळतो, उठून पुढे चालायला लागतो आणि पुढचेही पक्षी उठवतो. तुम्ही बसून राहा. विसाव्या मिनिटाला टिबुकली डुबकी मारून आधीपेक्षा जवळ वर येते. खंड्या आपल्या ठरलेल्या काटकीवर परत येतो. त्याची काटकी ठरलेली असते. तीनदा बघितलं की कळतं, मग त्यावर फोकस लावून ठेवायचा आणि चहा प्यायचा. अर्ध्या तासानं वारकरी इतके जवळ येतात की झूम कमी करावा लागतो. चाळिशीत मला हे जमलं नसतं. तेव्हा चालता येत होतं ना!

ट्रायपॉड गेल्यावर आधाराला काहीतरी हवं होतं. जुन्या पँटचा पाय गुडघ्यावर कापला, एक तोंड शिवलं, आत दोन किलो ज्वारी भरली आणि दुसरं तोंड बांधलं. ज्वारीचा दाणा गोल आणि गुळगुळीत, त्यामुळे पिशवी रिक्षाच्या दारावर, किल्ल्याच्या कठड्यावर कुठेही कॅमेऱ्याच्या अंगाप्रमाणे बसते. बायकोनं डबा उघडून पाहिला. “मंगळवेढ्याची मालदांडी भरलीत? पाहुण्यांना भाकरी काय मातीची घालू?” तिचा राग ऑगस्टपर्यंत टिकला. ऑगस्टमध्ये पिशवी पावसात भिजली, मी ती तशीच कपाटात टाकली, आणि आठवड्यानं कपाट उघडलं तर आंबूस वास आणि शिवणीतून बाहेर डोकावणारे पांढरे कोंब. तेव्हापासून पिशवी रिकामी नेतो. जागेवर गेलं की मुरूम नाहीतर वाळू भरायची, निघताना ओतून द्यायची. जाता-येता ओझं शून्य. आधीच का सुचलं नाही, कुणास ठाऊक.

आता हाताची थरथर. जुना ठोकताळा असा, की लेन्स जितक्या मिलीमीटरची, शटर निदान तितक्या भागाचा, म्हणजे ६०० ला १/६०० सेकंद. तो स्थिर हातांसाठी. माझा हात सकाळी चहाआधी जास्त कापतो, म्हणून मी दुप्पट धरतो, १/१२०० च्या खाली नाही. आयएसओ, म्हणजे कमी उजेड भरून काढणारी सेटिंग, ऑटोवर ठेवतो. दाणे आले तर येऊ देत, हललेला फोटो मात्र कशानंही दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर खातं, पक्ष्याची हालचाल खात नाही, हेही लक्षात ठेवा. एकेक फोटो न काढता सहा-सात सलग काढा. बटण दाबताना बोटानं कॅमेरा जरा दबतो, म्हणून पहिला बहुतेक वेळा हललेला असतो. मधले दोन बघा, त्यांत एक ठीक निघतो. किल्ला, तलाव, झाड असं न हलणारं काही असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या.

डोळ्यांचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यानं मला वर्षभर फसवलं. माझे फोटो मला मळकट, पिवळसर दिसायला लागले होते. वाटलं, कॅमेराच बिघडला. म्हणून संगणकावर प्रत्येक फोटोत थोडा निळा वाढवायचो. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर दवाखान्याची भिंत इतकी पांढरी दिसली की रात्रीत रंगवली की काय असं वाटलं. घरी येऊन जुने फोटो उघडले तर सिद्धेश्वर तलाव शाईचा. बगळे निळे, मंदिराची भिंत निळी, घाटावर कपडे धुणारी बाई निळी. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. कॅमेरा बिचारा खरं सांगत होता. मूळ फाइली ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. तेव्हा साठीनंतर मूळ फाइल कधी पुसू नका. आणि व्ह्यूफाइंडरशेजारी एक चिमुकलं चाक असतं, ते चष्म्याच्या नंबरासाठी असतं. समोरच्या झाडाकडे नव्हे, आतल्या आकड्यांकडे बघत ते फिरवायचं, आकडे स्वच्छ दिसले की थांबायचं. ऑपरेशननंतर ते पुन्हा लावावं लागतं. हे चाक आयुष्यात एकदाही न फिरवलेले आणि “फोकस लागत नाही” म्हणून दुकानदाराशी भांडणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत.

कानांचं थोडक्यात. बारीक, उंच आवाज आधी जातात. चंडोल डोक्यावर गात असतो आणि मला शांतता वाटते. नातू सोबत असला की तो बोट दाखवतो, नसला की मोबाइलवर मर्लिन चालू करतो, ते आवाज ऐकून नाव सांगतं. कधी कधी चुकतंही. तेच नाव गृहीत धरून वाद घालू नका.

सोलापूरच्या उन्हाबद्दल बाहेरून आलेल्यांनाच सांगावं लागतं, पण इथलेही वयाचं भान विसरतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो. मी साडेपाचला निघतो आणि नऊच्या आत घरी असतो. साडेआठनंतर तसंही जमिनीवरून झळा उठतात आणि लांबचा फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. महागडी लेन्सही त्यावर काही करू शकत नाही. म्हातारपणी तहान उशिरा कळते, म्हणून मी घड्याळ बघून पाणी पितो. पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असणाऱ्यांनी सकाळच्या फेरीचं डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ विचारून घ्यावी. स्वतःच्या मनानं गोळी बुडवू नये. माळावर आडोसा नसतो, एवढं सांगितलं म्हणजे समजा. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा लाडू हवा, आणि पायात बंद बूट. कुसळी गवताची कुसळं मोज्यातून आरपार जातात, पायाची संवेदना कमी असेल तर घरी येईपर्यंत कळतही नाही. एकटे जात असाल तर मोबाइलवरून घरच्यांना जागा दिसेल असं करून ठेवा. माझ्या मुलीनं ते करून दिलंय. मी वाटेत भज्यांसाठी थांबलो तरी तिला दिसतं, हा त्याचा तोटा.

जागा कुठल्या? लांबून सुरुवात करू नका. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव गावातच आहेत. सकाळचं तिरपं ऊन तटाच्या दगडांवर पडतं तेव्हा त्यांचा खडबडीतपणा उठून दिसतो, दुपारी तोच तट सपाट होतो. महिनाभर एकाच बुरुजासमोर जाऊन बसा, जे शिकाल ते शिकवणीत मिळणार नाही. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावाला हिवाळ्यात जा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा गर्दीत घुसू नका. मिरवणुकीच्या वाटेवर कुणा ओळखीच्याची माडी गाठून दोन तास आधी जाऊन बसा. बाराबंदी घातलेले लोक म्हणजे सगळीकडे पांढरंच पांढरं. एवढा पांढरा पाहून कॅमेरा गोंधळतो आणि फोटो करडा करतो. एक्स्पोजर हातानं पाऊण-एक घर (स्टॉप) वाढवा, मगच पांढरा पांढरा येतो.

बार्शी रस्त्यावरचं नान्नज मात्र वेगळं. १९७९ साली माळढोकसाठी तिथे अभयारण्य झालं. चाळीसेक वर्षांपूर्वी मित्राच्या फटफटीवर मागे बसून जाताना मी तिथे माळढोक पाहिलाय. गवतातून मान वर काढून तो चालला होता, एखादा मोठा माणूस वरातीत चालावा तसा, कुणाकडे न बघता. तेव्हा कॅमेरा नव्हता. कॅमेरा घेतल्यापासून इतक्या फेऱ्या झाल्या, तो एकदाही दिसलेला नाही. नव्या माणसानं त्याच्या आशेनं जाऊ नये. काळवीट बघावेत, भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून किती खालून तरंगत जातो ते बघावं. वनखात्याच्या परवानगीनं जावं, नेमून दिलेल्या वाटा सोडू नयेत. टिटवी, धाविक असे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती पायाखाली गेलेलीही कळत नाहीत. म्हणूनही बसलेला फोटोग्राफर बरा.

मोराचं राहिलं. मागच्या पावसाळ्यात एका शेताच्या बांधावर मी स्टूल टाकून बसलो होतो. दोन तरुण पोरंही होती, मोठ्या लेन्सवाली. मोरानं पिसारा फुलवला, पण तोंड पलीकडे. पोरं वाकून-वाकून वळसा घालायला निघाली. मला वळसा जमण्यासारखा नव्हता, म्हणून समोर दिसत होतं ते बघत राहिलो. पाठमोऱ्या मोराच्या त्या पसाऱ्यामागे आखूड, तपकिरी, साध्या पिसांचा एक पंखा ताठ उभा असतो. ती त्याची खरी शेपटी. पिसारा ज्याला म्हणतो ती पाठीवरची लांब पिसं, आणि ही शेपटी त्यांना मागून टेकू देते. उभा जन्म चादरीवर मोर काढले, ही शेपटी एकाही ग्राफवर नव्हती. मी सात फोटो काढले. तेवढ्यात पोरं पलीकडे पोचली आणि मोर पिसारा मिटून ज्वारीत शिरला.

फोटो जुन्या कारखान्यातल्या एका जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

“चांगलाय की. पण मोर उलटा का घेतलास बे?”