रीफ टँक दुसऱ्या स्टेटमध्ये न्यायचाय? दगड आणि वाळू मागेच सोडा

न्यू जर्सीतून नॉर्थ कॅरोलायनाला जाणारे आपल्यातले बरेच जण आहेत, एडिसनकडून कॅरी-रॉलीकडे, आठ-नऊ तासांचा ड्राइव्ह, वॉशिंग्टनजवळ ट्रॅफिक लागला की त्याहून जास्त. घरात ७५ गॅलनचा सॉल्टवॉटर रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेला, असला की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मासे जगतील का? जगतात हो, नीट पॅक केले तर एवढ्या प्रवासात सहसा काही होत नाही. मला विचाराल तर खरी काळजी दुसरीच आहे, माशांबरोबर एप्टेशिया (तणासारखं पसरणारं सी ॲनिमोन), फ्लॅटवर्म (चपटे किडे), बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ), व्हर्मेटिड स्नेल (दगडाला चिकटून राहणारी गोगलगाय) आणि इक (माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) हे सगळे पण बिऱ्हाड घेऊन येणार की नाही. ढेकूण झालेला पलंग आपण नव्या घरात नेतो का? मग तो दगड कशाला न्यायचा. टँक तळापर्यंत रिकामा व्हायची वेळ परत लवकर येत नाही, त्यामुळे साफ करायचं तर आत्ताच.

किडे मुळात राहतात दगडात आणि वाळूत. एप्टेशिया खरवडून काढायला गेलात तर उरलेल्या तुकड्यांतून नवीन उगवतात, आणि फटीत किती लपलेत ते कोणालाच दिसत नाही. जुनी वाळू हलवली की खालचा सगळा गाळ आणि हायड्रोजन सल्फाइड वर येतो, ती तर सरळ टाकूनच द्या. त्याऐवजी निघायच्या सहा-सात आठवडे आधी ड्राय रॉक (कोरडा, निर्जीव दगड) विकत घ्या, ३२ गॅलनचा ब्रूट ब्रँडचा कचऱ्याचा डबा (कोरा हं, वापरलेला नको) घ्या, त्यात सॉल्टवॉटर, हीटर, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि अमोनिया संपवणारे बाटलीतले बॅक्टेरिया घालून अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. हे २ पीपीएम २४ तासांत शून्यावर आले आणि नायट्राइटही शून्य झालं की दगड तयार, यालाच सायकल होणं म्हणतात. याच डब्यात एक-दोन स्पंज फिल्टर पण टाकून ठेवा, ते पुढे लागणारेत. जुन्या टँकमधला ओला हात, जाळी, काहीही या डब्यात जाता कामा नये.

जुना दगड द्यायचा तर घेणाऱ्याला खरं सांगून द्या, नाहीतर ब्लीचमध्ये टाका. तो उकळायला मात्र जाऊ नका, त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे कोरल) असतील तर पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष वाफेबरोबर हवेत येतं आणि या प्रकाराने लोक हॉस्पिटलमध्ये गेलेले आहेत, अख्खी फॅमिली सुद्धा. आणि ब्लीच आणि ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही, क्लोरीन गॅस होतो.

आता कोरल. इथे लोभ आवरा, अर्धे विका किंवा मित्रांना वाटा, आवडते तेवढेच ठेवा. जे न्यायचे ते दगडावरून कापून काढा, खालचा मेलेला सांगाडा जितका जाईल तितका काढून टाका आणि कोऱ्या सिरॅमिक प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवा. हे कंटाळवाणं आहे पण सगळा खेळ इथेच आहे, कारण ॲक्रोपोरा (फांद्यांचा कोरल) खाणारे फ्लॅटवर्म अंडी घालतात ती त्या उघड्या सांगाड्यावरच आणि कुठलंही डिप (किडे पाडायला कोरल ज्यात बुडवतात ते औषध) अंडी मारत नाही. झोअँथिड कापताना ग्लोव्हज आणि गॉगल घालाच. डिप कंपनीने लिहिलंय त्याच मापाने, आणि भांडं पांढरं घ्या म्हणजे खाली काय पडतंय ते दिसतं, मधूनमधून टर्की बेस्टरने जोरात पाणी मारत राहा, काय काय निघतं ते बघून एकेकदा जेवण जात नाही. मग अंड्यातून नवीन निघणाऱ्यांसाठी दर आठवड्याला परत डिप, साधारण सहा आठवडे, आणि दर वेळी भिंगाने बूड बघायचं. माँटिपोरा कोरलच्या खालच्या बाजूला, झोअँथिडच्या देठाशी बारीक पांढरे पुंजके दिसले तर ती न्यूडिब्रँकची (कोरल खाणारी बिनशंखाची गोगलगाय) अंडी, ती खरवडायची. प्लगवर एप्टेशिया दिसला तर डिपवर विसंबू नका, प्लगच बदला.

हे कोरल डिपनंतर परत जुन्या टँकमध्ये टाकलेत तर सगळी मेहनत पाण्यात. त्यांना वेगळा उघडा टब हवा, लाइट, हीटर, पॉवरहेड, बस्स, आणि त्यात एकही मासा नको. यात अजून एक फायदा आहे जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इकचा परजीवी माशाशिवाय आयुष्य पूर्ण करू शकत नाही, म्हणून हॉबीत ७६ दिवस बिनमाशाचा टँक ठेवायची पद्धत आहे. टबात शेवटचा कोरल गेला त्या दिवसापासून हे ७६ मोजायला लागा. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस जुन्या घरीच निघून गेले, नव्या घरी उरले ३४, आणि माशांना कॉपरमध्ये (इकवरचं तांब्याचं औषध) ठेवायचं ते ३० दिवस, दोन्ही जवळजवळ बरोबर जुळतं. फक्त टब माशांच्या टँकपासून लांब ठेवा, निदान दहा फूट, बाथरूममध्ये ठेवलात तर उत्तम (घरचे बोलतील, बोलू द्या).

पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), ओव्हरफ्लो (जिथून पाणी खाली उतरतं), पाइप, सम्प (खालची फिल्टरची टाकी) यांना विसरू नका, एप्टेशिया रिटर्न पंपाच्या आत सुद्धा सापडतो. निघायच्या दिवशी टँक रिकामा झाला की सगळं पाण्यात ब्लीच घालून फिरवा, मग धुवा, डिक्लोरिनेटर वापरा आणि कोरडं होऊ द्या. जुनं पाणी आणि शेवाळ गटारात किंवा ओढ्यात नाही, पाणी संडासात आणि शेवाळ वाळवून कचऱ्यात. नॉर्थ कॅरोलायनाच्या समुद्रात २००० पासून लायनफिश दिसतोय, जो मूळचा इंडो-पॅसिफिकचा, आणि तो बहुधा कोणाच्या तरी टँकमधूनच सुटलेला.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. माशांना आदल्या दिवशी खायला देऊ नका, पोट रिकामं असलं की पाण्यात अमोनिया कमी होतो. प्रत्येक मोठा मासा वेगळ्या झाकणाच्या ५ गॅलन बकेटमध्ये, बॅटरीवरचा एअर पंप लावून, एक एक्स्ट्रा पंप आणि सेल जवळ ठेवा. कोरल स्टायरोफोमच्या खोक्यात वेगवेगळ्या पिशव्यांत, झोअँथिड आणि लेदर कोरल बाकीच्यांपासून लांब. ॲक्रोपोराचा प्लग थर्मोकोलच्या तुकड्याला रबर बँडने बांधून पाण्यात उलटा तरंगू द्या म्हणजे फांद्या पिशवीला घासत नाहीत. सायकल झालेला दगड ओल्या पेपरमध्ये गुंडाळून बंद डब्यात. हे सगळं गाडीत तुमच्याबरोबर, एसी २५ डिग्रीच्या आसपास, मूव्हर्सच्या ट्रकमध्ये फक्त काच, ती पण पूर्ण रिकामी. ७५ गॅलनचं पाणीच ६०० पाउंडांच्या वर जातं, तळाशी थोडं पाणी-वाळू ठेवून उचलायचा मोह टाळा, शिवण सुटते. जुलै आणि जानेवारी शक्यतो नकोच.

नव्या घरी पोचल्यावर पाणी बनवत बसायची वेळ येऊ नये. आरओडीआय (पाणी शुद्ध करायचं फिल्टर युनिट) दिवसाला ७५ गॅलनचं असलं तरी प्रत्यक्षात कमीच देतं, म्हणून चावी घ्यायला जाल तेव्हाच ते लावून या किंवा तिथल्या मित्राकडे बनवून ठेवा. तिकडच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं तेव्हा त्यासाठीचा कार्बन ब्लॉक घ्या. सॅलिनिटी ३५ पीपीटी, टेंपरेचर २५-२६, अल्कलिनिटी जुन्या टबात होती तेवढीच. आधी दगड, मग एक शेवटचं डिप करून कोरल, लाइट पहिला आठवडा अर्धाच.

मासे मात्र मेन टँकमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा क्वारंटाइन टँक, खाली काही नाही, लपायला पीव्हीसीचे तुकडे आणि डब्यातला तयार स्पंज फिल्टर. कॉपर पॉवर नावाचं कॉपरचं औषध वापरत असाल तर २ ते ३ दिवसांत हळूहळू २.५ पीपीएमपर्यंत न्या आणि रोज हॅना चेकरने (कॉपर मोजायचं छोटं यंत्र) मोजा. यात प्राइमसारखे अमोनिया रिमूव्हर घालू नका, कॉपरबरोबर ते माशांना विषारी होऊ शकतं, अमोनिया वाढला तर कॉपर मिसळलेल्या नव्या पाण्याने पाणी बदला. कॉपरचं भांडं, नळी, जाळी मेन टँकला कधीच लावायची नाही, कोरल आणि गोगलगाई मरतात.

तोपर्यंत रात्री टँकचा लाइट बंद झाल्यावर टॉर्च घेऊन मेन टँक बघत राहा, एप्टेशिया एकटा-दुकटा असताना सापडला तर तो प्लग बाहेर काढून फेकता येतो. दोन्ही मुदती संपल्या, मासे नीट खातायत, अंगावर ठिपका नाही, मग एका वेळी एक-दोन मासे सोडा, लाजरे आधी, दादागिरी करणारे शेवटी. कोरलचा टब धुऊन ठेवा, पुढे कोणी फ्रॅग (कोरलचा तुकडा) दिला तर तो आधी सहा आठवडे तिथेच जाणार.