वजनदार ताऱ्यांच्या मृत्यूचा तक्ता करताना या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की पुण्यातील शाळांमध्ये राष्ट्रीय विज्ञान दिनाची तयारी सुरू होते. २८ तारखेला आयुका या खगोलशास्त्र संस्थेत किंवा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात भरणारी गर्दी पाहिली, की आकाशाविषयीच्या तक्त्यांत अचूकपणा किती गरजेचा आहे हे पटते. ताऱ्यांचा जीवनक्रम हा मुलांचा आवडता विषय असल्याने त्यातील चुकाही वर्षानुवर्षे एका तक्त्यावरून दुसऱ्यावर उतरत राहतात.

सूर्याचा शेवट अतिनवताऱ्यात (सुपरनोव्हा), म्हणजे ताऱ्याच्या प्रचंड स्फोटात होतो असे दाखवू नये. त्यासाठी सूर्याच्या साधारण आठपट वस्तुमान लागते. सूर्य अखेरीस श्वेत बटू, म्हणजे विझत जाणारा लहान, घन तारा होईल.

जीवनक्रमाच्या सर्व टप्प्यांना सारख्या आकाराचे चौकोन देणे ही माझ्या मते सर्वांत दिशाभूल करणारी चूक आहे. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्याकडे इंधन भरपूर असते, परंतु तो ते इतक्या वेगाने वापरतो की हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षांतच संपतो, पुढे कार्बन सुमारे ६०० वर्षे पुरतो आणि सिलिकॉन तर अवघा एक दिवस. त्यामुळे प्रत्येक चौकोनाखाली कालावधी लिहावाच.

‘गाभ्यातील लोखंड पेटून स्फोट होतो’ हे वाक्य तर खोडूनच टाकावे. सिलिकॉनपासून बनलेल्या लोखंडाच्या संमीलनातून (अणुकेंद्रे एकत्र येण्यातून) ऊर्जा मिळत नाही, आणि म्हणूनच गाभ्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेपर्यंत, म्हणजे गाभा स्वतःचा भार पेलू शकतो त्या कमाल वस्तुमानापर्यंत (सूर्याच्या सुमारे १.४ पट) पोचले की तो एका सेकंदाहून कमी वेळात कोसळतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात, गाभा एकाएकी ताठर होतो आणि वरून कोसळणाऱ्या द्रव्यात आघात-तरंग उसळतो. बाहेर पडणारी सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो हे द्रव्यातून जवळपास न अडता जाणारे सूक्ष्म कण घेऊन जातात, तरी तक्त्यांत त्यांचा उल्लेखही क्वचितच असतो. १९८७ साली मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत दिसलेल्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो जपानमधील कामिओका येथे टिपले गेले, तेही स्फोटाचा प्रकाश पोचण्याच्या दोन-तीन तास आधी. आपल्या रक्तातील लोखंड त्या कोसळलेल्या गाभ्यातले नव्हे, हेही सांगावे. गाभ्याचा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर होते; बाहेर फेकले जाणारे लोखंड मुख्यतः स्फोटात तयार झालेल्या किरणोत्सारी निकेलपासून बनते.

शेवटी काक्षी (बीटलज्यूज), मृग नक्षत्रातील तांबूस महाराक्षसी तारा. ‘हा तारा फुटलाही असेल, प्रकाश यायचा बाकी आहे’ असे आत्मविश्वासाने सांगितले जाते, आणि २०१९-२० मध्ये तो मंदावल्यावर तर फारच. ते मंदावणे मुख्यतः ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून बनलेल्या धुळीमुळे होते. त्याचे अंतर सुमारे ५०० ते ७०० प्रकाशवर्षे आहे, तर स्फोटाला अजून साधारण एक लाख वर्षे असावीत असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले, की तो आज शाबूत असण्याचीच शक्यता कितीतरी अधिक आहे हे पाहणाऱ्याला स्वतःच ताडता येते.