बीबीएला मोठं नाव घ्यायचं की फी माफी? आमच्या घरची गोष्ट

दरवर्षी मे-जून आला की गावाकडून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई अमुक ठिकाणी नंबर लागलाय पण फी लय आहे आणि दुसरीकडे फी माफ होतेय पण त्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलं नाही, काय करू सांग. सगळ्यांना तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते. मी कराडची, पुण्यात बीबीए (मॅनेजमेंटची पदवी) करतेय, शेवटचं वर्ष.

माझी बारावी कॉमर्स 2024 ची. आमच्याच नशिबात त्या वर्षापासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या खाली आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा लागली. बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं, म्हणजे सीईटीची भानगडच नको. मे अखेरीस एक सीईटी झाली, मग सीटा रिकाम्या राहणार म्हटल्यावर ऑगस्टमध्ये अजून एक घेतली, त्यामुळे कॅप राउंड (सरकारच्या एकत्रित प्रवेशाच्या फेऱ्या) लांबतच गेले. आणि इकडे मुंबईतल्या एका नावाजलेल्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठाच्या परीक्षेत माझा नंबर लागलेला, आठ दिवसांत 50 हजार भरा नाहीतर सीट गेली. भरले. पप्पांचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि जून म्हणजे वह्या-पुस्तकांचा सीझन, माल भरायला ठेवलेले पैसे होते ते.

त्या रात्री दुकान बंद करून आल्यावर पप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या बाजूला हिशोब मांडला. फी वर्षाला साधारण 4 लाख, तीन वर्षांचे 12 लाख, मुंबईत राहणं-खाणं वेगळंच. शिक्षण कर्ज काढलं तर व्याज साडेदहा टक्के धरलं. आता इथे बहुतेक लोक फसतात, कारण वाटतं की शिकतोय तोवर हप्ता नाही म्हणजे व्याजपण नाही. हप्ता नसतो पण व्याज चढत असतं! दरवर्षी 4 लाख उचलले आणि कोर्स संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू झाले, तर तोवर साध्या व्याजानेच पावणेचार लाखांच्या वर जातं, म्हणजे डोक्यावर पावणेसोळा लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला 21 हजारांच्या आसपास. पप्पांनी तो आकडा लिहून त्याला दोनदा गोल केला आणि विचारलं, तिथून बाहेर पडल्यावर पगार किती मिळतो गं? मला माहीतच नव्हतं. ब्रोशरमध्ये होतं ते हायेस्ट पॅकेज, तेपण नीट वाचल्यावर कळलं की एमबीएच्या पोरांचं आहे.

तर मोठ्या नावाची किंमत तपासायची कशी हे आधी सांगते, कारण ही माहिती कुणी देत नाही. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारचं कॉलेज-विद्यापीठांचं रँकिंग, त्यात बीबीएचं वेगळं रँकिंग नसतंच. कॉलेजवाले जो रँक मिरवतात तो मॅनेजमेंट गटातला नाहीतर अख्ख्या विद्यापीठाचा असतो. पण एनआयआरएफला जो डेटा पाठवतात त्याची पीडीएफ संस्थेच्या वेबसाइटवर असते, ती उघडायची आणि त्यात तीन वर्षांच्या पदवी कोर्सचं टेबल शोधायचं. किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन पगार (म्हणजे रांगेत मधोमध असलेल्या मुलाचा) किती, पुढे शिकायला किती गेली, सगळं त्यात असतं. ते टेबल सगळ्या तीन वर्षांच्या कोर्सचं मिळून असतं हे लक्षात ठेवा, तरी ब्रोशरपेक्षा शंभरपट बरं. मी पाहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं पुढे शिकायला गेलेली दिसली आणि मीडियन पगारातून 21 हजारांचा हप्ता काढला तर मुंबईत राहायला काही उरतच नव्हतं.

आता दुसरी बाजू. जुलै 2024 मध्ये सरकारने जीआर काढला की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ, आधी निम्मी होती. आम्ही ओबीसी, उत्पन्न मर्यादेत. पण यातली मेख अशी की ॲडमिशन कॅप राउंडमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही, आणि खाजगी अभिमत किंवा खाजगी विद्यापीठात तर ही माफी मिळतच नाही. म्हणजे मुंबईचं नाव घेतलं की पूर्ण फी आणि पुण्यातलं कॅपचं कॉलेज घेतलं की ट्यूशन शून्य, मधलं काही नाही.

अशावेळी खाजगीवाले आपली स्वतःची मेरिट स्कॉलरशिप पुढे करतात. तिथे डोळे उघडे ठेवा. माझ्या बारावीच्या मैत्रिणीला एका खाजगी विद्यापीठाने ट्यूशनमध्ये 50 टक्के सूट दिली, तिच्या घरी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी कळलं की सीजीपीए 8.5 च्या वर राहिला तरच सूट चालू, हिला 8.3 पडला. पत्रात तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. आता मध्येच सोडून कुठे जाणार, वडिलांनी सोनं गहाण ठेवून फी भरली. त्यामुळे सूट एकाच वर्षाची आहे की पूर्ण कोर्सची, कुठल्या अटीवर टिकते आणि मागच्या बॅचमध्ये किती जणांची टिकली, हे लेखी मागा. फोनवरचं काउन्सेलरचं हो ला हो काही कामाचं नाही.

आम्ही पुणं घेतलं. मुंबईचे 50 हजार परत मागितले तर आधी नॉन रिफंडेबल म्हणाले. त्या वर्षी यूजीसीचं परिपत्रक होतं की 30 सप्टेंबरपर्यंत ॲडमिशन रद्द केली तर पूर्ण फी परत, ते जोडून ईमेल केला, मग पंधरा दिवसांनी गपचूप खात्यात आले. तुम्ही आपापल्या वर्षाची तारीख बघा.

फी माफ म्हणजे सगळं फुकट असं मात्र नाही बरं का. डेव्हलपमेंट फी आणि बाकी किरकोळ भरावंच लागलं. वर ॲडमिशनच्या दिवशी क्लार्क म्हणतो आत्ता पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. जीआरची प्रिंट खिडकीत सरकवल्यावर म्हणाला साहेबांना विचारतो, मग दीड तास बसवून ठेवलं. कर्वेनगरात कॉट बेसिसवर 4,500 आणि मेसचे 3,200, हे दर महिन्याला आहेच. बाहेरगावी राहणाऱ्या ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिची चौकशी करा. दाखले मात्र एप्रिलमध्येच काढून ठेवा, उत्पन्नाचा आणि नॉन क्रीमी लेयर, जुलैत सेतूमध्ये उभं राहायलापण जागा नसते. आणि महाडीबीटीचा (सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) अर्ज दरवर्षी नव्याने रिन्यू करायचा, आधार बँकेला लिंक नसेल तर पैसे अडकतात.

मग मी काही गमावलं का? हो, गमावलं. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पुण्यातच इंटर्नशिप केली, तिथे त्या मुंबईच्या कॉलेजमधल्या दोघी होत्या. त्यांना ती इंटर्नशिप कॅम्पसवर मिळालेली, मी साठेक ठिकाणी अर्ज करून एकीकडून फोन आला होता. पहिल्या मीटिंगमध्ये त्या बिनधास्त बोलत होत्या आणि मी वहीत लिहीत बसले. पंधरा दिवसांनी एक्सेलमध्ये मी त्यांना शिकवत होते ते सोडा, पण तो पहिला दिवस अजून आठवतो. आमच्या कॉलेजात केस कॉम्पिटिशन म्हणजे काय हे आम्हीच सिनियरना समजावलं. बीबीए झाल्या झाल्या नोकरीच करायची असेल, आणि त्या कॉलेजात खरंच कंपन्या बीबीएच्या मुलांसाठी येतात हे आकड्यात दिसत असेल, तर कर्ज काढायला मी नाही म्हणणार नाही. एनआयआरएफमध्ये वरच्या संस्थांसाठी नोव्हेंबर 2024 पासून पीएम विद्यालक्ष्मी आहे, बिनतारण कर्ज, 8 लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत. आपली संस्था त्या यादीत आहे का ते आधी बघायचं.

पण मला एमबीएसाठी कॅट ही प्रवेश परीक्षा द्यायचीय. आयआयएम अहमदाबादची शॉर्टलिस्ट कशी होते ते वाचलं, दहावी-बारावीचे मार्क, पदवीचे मार्क, कामाचा अनुभव, कॅट, यात पदवीच्या कॉलेजच्या नावाला मार्क नाहीत. मग खरा पैसा एमबीएला लागणार आहे, तो आत्ताच कशाला संपवू. लग्नात आत्या विचारते कुठलं गं कॉलेज, नाव सांगितलं की म्हणते अच्छा, आणि विषय बदलते. पहिल्या वर्षी ते मनाला लागायचं.

यंदा भावाची बारावी आहे. मुलगा म्हणून त्याला ट्यूशन निम्मीच माफ, आणि त्याला पहिल्यापासून मुंबईच पाहिजे, एमबीए नाहीच करायचं म्हणतो. म्हणजे त्याचं गणित वेगळं येणार. रविवारी घरी गेले तेव्हा पप्पांनी त्याला ती पीडीएफ शोधायला बसवलं होतं आणि कॅलेंडरचं एक पान आधीच फाडून ठेवलं होतं.