ग्लायडरच्या कामासाठी नाशिकमध्ये घरगुती जागा कशी शोधावी

ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचे, दुरुस्तीचे काम घरी करायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १५ मीटर पंखविस्ताराचे पूर्ण जोडलेले विमान येते आणि एवढी जागा आणायची कुठून, या प्रश्नापाशीच विचार थांबतो. वास्तविक ग्लायडरचे दोन्ही पंख आणि आडवे शेपूट धडापासून सुटे होतात, हे सगळे भाग एका लांब ट्रेलरमध्ये शेजारी शेजारी बसतात, आणि ज्या भागावर काम करायचे तेवढाच बाहेर काढून बाकीचे ट्रेलरमध्येच ठेवता येतात. त्यामुळे एक पंख आणि त्याच्या चारही बाजूंनी माणसाला फिरता येईल एवढी वाट मिळाली, की काम होते.

१५ मीटर वर्गातील एकआसनी ग्लायडरचा एक पंख सुमारे साडेसात मीटर लांब असतो, मुळाशी, म्हणजे धडाला जोडायच्या टोकाशी, पुढे आलेला स्पारचा (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईचा) दांडा धरला तर लांबी आणखी वाढते, आणि मुळाशी पंखाची रुंदी मीटरभराच्या आत-बाहेर असते. दोन्ही टोकांना उभे राहण्याइतकी आणि दोन्ही बाजूंना पाऊण मीटर वाट सोडली, तर साधारण साडेनऊ मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे ३१ फूट बाय ८ फूट एवढी पट्टी लागते. तिचे क्षेत्रफळ २५० चौरस फुटांच्या आसपास भरते. मात्र तेवढ्याच क्षेत्रफळाची १६ बाय १६ फुटांची चौकोनी खोली घेतली, तर तिचा कर्ण सात मीटरही भरत नाही आणि पंख तिरका ठेवूनही आत बसत नाही. म्हणून जागा दाखवणाऱ्याला चौरस फूट विचारू नयेत. सर्वात लांब सरळ भिंत किती फूट आहे, हे विचारावे. धडाची अडचण त्यामानाने कमी असते, कारण एलएस-४ सारख्या ग्लायडरचे धड ६.८ मीटरचे असते आणि पंखाला पुरेल अशा पट्टीत ते सहज बसते. एएसके-२१ सारख्या दोनआसनी ग्लायडरचा पंखविस्तार १७ मीटर आणि धड ८.३५ मीटर असल्यामुळे ही पट्टी किमान मीटरभराने वाढवावी लागते.

जागा मापात बसली तरी पंख तिथपर्यंत पोहोचेल का, हे वेगळे तपासावे लागते, आणि जागा नाकारण्याची वेळ बहुधा इथेच येते. बाजारात सहा मीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो. त्याला कपलिंगने दुसरा तुकडा जोडून तो आपल्या पंखाच्या पूर्ण लांबीचा करावा आणि एका टोकाला पंखाच्या मुळाएवढा रुंद पुठ्ठा घट्ट बांधावा. हा पाइप दोघांनी खांद्यावर घेऊन रस्त्यावरून फाटकातून आत, वळणावरून आणि दारातून शेवटच्या जागेपर्यंत न्यावा, आणि नेताना पुठ्ठा आडवा व उभा अशा दोन्ही अवस्थांत धरून पाहावा. जिना, पाण्याची टाकी, तुळशीवृंदावन, खाली आलेली केबल अशा ज्या गोष्टी मोजपट्टीला दिसत नाहीत, त्या या पाइपाला लगेच अडतात. नंतर ट्रेलरचाही असाच विचार करावा. तो आठ-नऊ मीटर लांब असतो. गल्लीत तो मागे घेता येत नसेल, तर पंख रस्त्यावर उतरवून हातावर आणावा लागेल, आणि साठ-सत्तर किलोचा लांब पंख वाऱ्यात सांभाळणे हे धोक्याचे काम आहे.

नाशिकमध्ये शोध घेताना जुन्या गावठाणातील वाड्यांचा मोह पडतो, कारण त्यांची पडवी लांब आणि सावलीची असते. मात्र जुन्या नाशिकच्या किंवा पंचवटीच्या अरुंद बोळांतून एवढा लांब पंख वळवणे बहुतेक ठिकाणी शक्य नसते, म्हणून पाइपाची चाचणी झाल्याशिवाय तिथे शब्द देऊ नये. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या बाजूचे स्वतंत्र बंगले अधिक सोयीचे असतात. बंगल्याच्या बाजूचे मोकळे साइड मार्जिन लांबीला पुरते, फक्त रुंदीला तंग असते. तिथे पंख लीडिंग एज (पुढची कडा) खाली ठेवून उभा केला की बरीच रुंदी वाचते. मार्जिनवर कायमचे छप्पर टाकणे हे बांधकाम ठरू शकते, त्यामुळे महापालिकेकडे चौकशी होईपर्यंत काढता-घालता येणारी ताडपत्री आणि पाइपची चौकट एवढ्यावरच भागवावे. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खांबांमधली सरळ रांग लांबीला योग्य असते, तरीही तिथे फक्त स्वच्छता, मोजमाप आणि कोरडी, म्हणजे काही न चिकटवता, जुळवाजुळव करावी. पंख घासताना उडणारी काचतंतूची धूळ आणि थिनरची वाफ दुसऱ्यांच्या घराखाली सोडणे कोणत्याही सोसायटीत योग्य नाही.

अंबड आणि सातपूर एमआयडीसीतील गाळा भाड्याने घेणे हा सरळ उपाय वाटतो. वीज, पक्की जमीन आणि मोठे शटर या तिन्ही गोष्टी तिथे मिळतात. गाळा पाहताना शेजारी कोण आहे, हे भाड्याइतकेच बारकाईने पाहावे. शेजारी ग्राइंडिंग चालत असेल, तर लोखंडाचा कीस जेलकोटवर, म्हणजे पंखाच्या पांढऱ्या बाहेरच्या लेपावर, बसून पुढे गंजाचे ठिपके धरतो. सिलिकॉन स्प्रे वापरणारा उद्योग असेल, तर रंग देताना पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. ओझरला १९६० च्या दशकापासून एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना असल्यामुळे पत्रा आणि रिव्हेटचे काम जाणणारी निवृत्त माणसे या शहरात भेटतात, आणि धातूच्या ग्लायडरसाठी त्यांच्या घराजवळची जागा थोडी महाग पडली तरी घ्यावी, असे माझे मत आहे.

माझ्या दृष्टीने नाशिकची सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे कांदाचाळ. दिंडोरी, निफाड, सिन्नर या भागांत लांब आणि अरुंद चाळी सगळीकडे आहेत, आणि त्यांचा आकार पंखासाठीच बेतल्यासारखा असतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि पावसाळ्यानंतर हळूहळू विकून संपतो, त्यामुळे हिवाळ्यात, म्हणजे हवा कोरडी असते त्याच काळात, पुष्कळ चाळी रिकाम्या पडतात. चाळीला हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात. कामापुरत्या त्या आतून प्लास्टिकच्या कापडाने बंद कराव्यात, कांद्याची टरफले आणि माती पूर्ण झाडून काढावी, आणि जमीन ओबडधोबड असेल तर स्टँडच्या पायांखाली फळ्या टाकाव्यात. चाळ केव्हा रिकामी करून द्यायची, हे शेतकऱ्याशी आधीच ठरवून लिहून घ्यावे. याउलट द्राक्षाच्या पॅकिंग शेड जानेवारीपासून एप्रिलपर्यंत भरलेल्या असतात. त्या हंगामात त्यांच्याकडे जागा मागू नये.

जागेचा करार करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी. नोंदणी झालेल्या ग्लायडरची उड्डाणयोग्यता डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांखाली येते, आणि संरचनेची दुरुस्ती परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली व स्वाक्षरीनेच मान्य होते. म्हणून जो अभियंता पुढे सही करणार आहे, त्याला जागा आधी दाखवून तिथे कोणते काम चालेल आणि कोणते चालणार नाही, हे लेखी घ्यावे.

जागा ठरली की हवामानाचा हिशेब करावा. एपॉक्सीच्या, म्हणजे दोन द्रव्ये कालवल्यावर कडक होणाऱ्या चिकट रेझिनच्या, कामाला साधारण २० ते २५ अंश तापमान आणि कोरडी हवा लागते. नाशिकच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे कडक होणाऱ्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा थर नीट चिकटत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा रेझिन घट्टच होत नाही. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कालवलेले रेझिन लावण्याआधीच भांड्यात तापून गोठते. चिकटवण्याची कामे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावीत, आणि हिवाळ्यात कांदाचाळीत काम करायचे असेल, तर दुरुस्तीच्या भागापुरता थर्मोकोलचा पेटारा करून आत नियंत्रित उष्णता द्यावी. किती अंश आणि किती तास, हे रेझिनच्या कंपनीच्या पत्रकावरूनच घ्यावे.

आतली मांडणी साधी ठेवावी. पंख दोन आधारांवर ठेवायचा, एक मुळाच्या रिबजवळ (आतल्या फासळीजवळ) आणि दुसरा टोकाकडे दोन-तृतीयांश अंतरावर. दोन्ही रुंद आणि जाड फोमचे असावेत, आणि पंखाचे वजन ट्रेलिंग एजवर (मागच्या पातळ कडेवर) कधीही येऊ देऊ नये. स्टँड फिरता केला, तर पंख उलटवण्यासाठी तो बाहेर काढावा लागत नाही, म्हणजे तेवढीच जागा वाचते. प्रकाशासाठी ट्यूब छतावर लावण्यापेक्षा पंखाच्या उंचीला बाजूने लावाव्यात. पंखाच्या टोकाशी खाली वाकून पृष्ठभागावरून मुळाकडे पाहिले, तर ट्यूबचे प्रतिबिंब जिथे सरळ रेषा सोडून लाटेसारखे हलते, तिथे घासण्याचे काम बाकी आहे, हे लगेच कळते. घासताना कणरोधक मास्क वापरावा आणि शक्य तिथे पाणी लावून घासावे. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, मात्र या खोलीत ठेवूच नये, कारण अॅसिटोन आणि थिनरच्या संपर्काने अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. ती घरात, थेट उन्हापासून दूर, मऊ सुती कापडात झाकून ठेवावी.

रेडिओ कंट्रोल ग्लायडर बनवणाऱ्यांना यातले फारसे काही लागत नाही. चार मीटरच्या मॉडेलचे पंख दोन-दोन मीटरचे होतात आणि सात फुटी फ्लश डोअर सुताराच्या दोन घोड्यांवर ठेवले की बाल्कनीतही सपाट टेबल तयार होते.

संपूर्ण ग्लायडर जोडून वजन आणि गुरुत्वमध्य तपासण्यासाठी मात्र पूर्ण १५ मीटरहून अधिक रुंद, सपाट आणि वारा नसलेली जागा लागते. ते काम घरी करण्याचा हट्ट धरू नये. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरसारख्या ठिकाणी, अभियंत्याच्या उपस्थितीत ते करावे. तोपर्यंत शेतातल्या शेडमध्ये पंख राहणार असेल, तर मुळाची उघडी तोंडे आणि कंट्रोल रॉडची भोके बारीक जाळीने बंद करावीत, नाहीतर उंदीर आत घरटे करतात, आणि ते बाहेर काढण्यासाठी पंखाची कातडी कापण्याची वेळ येऊ शकते.