एजॅक्स रिक्वेस्टला ५०० येतोय? या चुका टाळा

एजॅक्स, म्हणजे पान रीलोड न करता जावास्क्रिप्टने मागून पाठवलेली रिक्वेस्ट. तिला सर्व्हरकडून ५०० हा एरर कोड आला की आमची पोरं जावास्क्रिप्टची फाईल उघडून बसतात. पणजीत बसून मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता मागून स्क्रीनवर डॉट जेएस दिसलं तरी डोकं फिरतं. अरे बाबांनो, ५०० म्हणजे बहुतेक वेळा तुमची रिक्वेस्ट नीट पोचली, सर्व्हरवरचा कोड चालायला लागला आणि मध्येच आडवा पडला. घर गळतंय वर कौलातून आणि तुम्ही दाराची कडी तपासताय.

लाल ओळीवर क्लिकच न करणं

"सर, एरर येतो." कुठला? "समथिंग वेंट राँग." हा मेसेज तूच लिहिलायस ना रे, तो वाचून तुला काय कळणार! एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब, वर फेच-एक्सएचआरचा फिल्टर लावा, रिक्वेस्ट परत पाठवा आणि लाल झालेल्या ओळीवर क्लिक करा. पेलोडमध्ये तुम्ही काय पाठवलंत ते दिसतं, रिस्पॉन्समध्ये सर्व्हर काय म्हणाला ते. लोकल मशीनवर डीबग चालू असेल तर निम्म्या वेळा फाईलचं नाव आणि लाईन नंबरसकट उत्तर तिथेच लिहिलेलं असतं, आणि हा पठ्ठ्या तीन तास अलर्टकडे बघत असतो.

लाईव्ह सर्व्हरवर रिस्पॉन्स रिकामा येतो, यायलाच हवा, तिथे एरर सगळ्यांना दाखवायचे नसतात. मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची एररची नोंदवही, बघायची. माझी सवय सांगतो, एका खिडकीत टेल मायनस एफ ही कमांड लावून लॉग वाहता ठेवायचा, दुसरीकडे बटण दाबायचं, आणि जी ओळ नवीन पडते तीच वाचायची. काल रात्रीच्या ओळी वाचत बसायचं नाही. आणि लॉग वाचल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही, माझ्याकडे हा नियमच आहे, नवीन पोरांना जाचक वाटतो, वाटू दे.

फेचच्या कॅचवर भरवसा

फेच म्हणजे ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवायचं फंक्शन. त्याला ५०० आला तरी प्रॉमिस रिजेक्ट होत नाही, कॅचमध्ये, म्हणजे एररसाठी लिहिलेल्या भागात, जातच नाही. त्याच्या दृष्टीने उत्तर आलं म्हणजे काम झालं. कॅच लागतो तो नेटवर्कच तुटलं तर, किंवा कॉर्सने (एका डोमेनवरच्या पानाला दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचू द्यायचं की नाही, हा ब्राउझरचा नियम) अडवलं तर. म्हणून रिस्पॉन्स डॉट ओके आधी तपासायचं, ते २०० ते २९९ लाच ट्रू असतं. जेक्वेरीवाल्यांची गंमत उलटी, डेटा टाईप जेसन (डेटा मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) दिला असेल आणि सर्व्हरने २०० देऊन जेसनच्या आधी एखादी वॉर्निंग छापली तर एरर कॉलबॅक चालतो. मग लोक म्हणतात सर्व्हर डाऊन आहे.

"अनएक्स्पेक्टेड टोकन" आणि पुढे ते < चिन्ह दिसलं तर समजा, तुम्ही जेसन मागितलंत आणि सर्व्हरने एचटीएमएल दिलं. एक तर एररचं पान, नाहीतर सेशन संपल्यामुळे लॉगिनचं पान. दुसऱ्यात स्टेटस २०० च दिसतो कारण फेच रीडायरेक्टच्या मागे गुपचूप जातो, त्यामुळे फसायला होतं.

पाच नगांवर टेस्ट करून "चालतंय" म्हणणं

हे माझं सगळ्यात जुनं दुखणं, म्हणून जरा सविस्तर.

चवथीच्या आधी एका मंडळाचा माटोळी (गणपतीच्या वर फळं-रानवस्तू बांधून टांगतात ती चौकट) स्पर्धेचा फॉर्म आमच्याकडे आला होता. स्पर्धकाने माटोळीला बांधलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची, स्थानिक नाव, कुठे मिळाली, औषधी उपयोग, आणि किती नग. "अजून एक वस्तू" बटण दाबलं की नवीन ओळ, खाली शेवटी मोबाईल नंबर आणि सबमिट. पोराने नारळ, सुपारी, आमाडे, तोरिंजन, कांगलां अशा पाच ओळी भरल्या, गेलं, मंडळाच्या लोकांना दाखवलं, सगळे खूश.

मुदत संपायच्या आदल्या रात्री सत्तरीतून फोन. माणूस रानात हिंडून वस्तू गोळा करणारा, यादी भलीमोठी, सबमिट केलं की "काहीतरी चुकलं". "दोन वरां बसून बरयलें मरे हांवें!" (दोन तास बसून लिहिलंय मी) म्हणून त्याने जो सूर लावला तो ऐकून मीच ओशाळलो. बाकी सगळ्यांचे फॉर्म जात होते, याचाच नाही. आमच्या पोराचं निदान तयार होतं, "सर, सत्तरीत नेटवर्क नसतं." अरे, नेटवर्क नसतं तर ५०० आला कुठून? ५०० द्यायला सर्व्हरपर्यंत पोचावं लागतं ना!

त्याने तोवर काय काय केलं होतं ते ऐका, टाईमआऊट वाढवला, मेमरी लिमिट वाढवली, फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) दिलं, कुठूनतरी उचललेला कोडचा तुकडा वर चिकटवला. लॉग? नाही उघडला. मी उघडला तर दोन ओळी होत्या. एक डेटाबेसची, मोबाईलचा कॉलम नल, म्हणजे रिकामा, चालत नाही. आणि तिच्या बरोबर वर पीएचपीची (सर्व्हरवरचा कोड त्या भाषेत होता) साधी वॉर्निंग, इनपुट व्हेरिएबल्स १००० च्या वर गेले.

पीएचपीत मॅक्स इनपुट व्हार्स नावाची सेटिंग असते, मुळात १०००. फॉर्ममधून त्यापेक्षा जास्त फील्ड आले की हजारानंतरचे ती टाकून देते, ओरडत नाही, थांबत नाही, फक्त लॉगमध्ये पुटपुटते. या माणसाच्या वस्तू होत्या २६०. प्रत्येकी चार फील्ड म्हणजे १०४०. आपल्याकडे पोचले पहिले १०००, म्हणजे शेवटच्या दहा वस्तू गेल्या, आणि त्यांच्या खालचा मोबाईल नंबरही गेला. पेलोड टॅबमध्ये बघितलं तर नंबर पाठवलेला दिसत होता, सर्व्हरवर प्रिंट केलं तर नव्हता. अशा वेळी दोन्ही टोकं बघायची असतात ती एवढ्यासाठी.

आता यातली भीतीदायक गोष्ट ५०० नाही. मोबाईल नंबर वर असता तर फॉर्म बिनतक्रार गेला असता, दहा वस्तू गायब करून, आणि परीक्षक त्याच्या घरी माटोळी बघायला गेल्यावर यादीत कवंडाळ नाही म्हणून मार्क कापले असते. ५०० आला हे त्याचं नशीब.

त्या रात्री लिमिट ५००० केली आणि फॉर्म घेतला. सकाळी मात्र सगळी यादी जेसन बनवून रिक्वेस्टच्या बॉडीत पाठवायला लावली, कारण तिथे ही १००० ची मर्यादा लागत नाही. लिमिट वाढवणं हा तात्पुरता टेकू आहे, पुढच्या वर्षी कोणीतरी आणखी मोठी माटोळी बांधणारच. आणि तेव्हापासून माझी सवय, कुठलाही "अजून एक ओळ" वाला फॉर्म आला की एका छोट्या स्क्रिप्टने ५०० ओळी भरून सबमिट करून बघतो. हाताने टाईप करत नाही अर्थात.

कन्सोलमध्ये कॉर्स दिसलं म्हणून कॉर्सच्याच मागे लागणं

मोरजीकडच्या एका होमस्टेची बुकिंगची साईट, फॉर्म एका डोमेनवर आणि एपीआय (फॉर्म ज्याला डेटा पाठवतो तो सर्व्हरवरचा कोड) दुसऱ्यावर. तक्रार अशी की काही बुकिंग जातात, काही जात नाहीत, आणि कन्सोलमध्ये कॉर्सचा लाल मजकूर. पोराने ब्राउझरमध्ये कॉर्स बंद करायचं एक्स्टेन्शन टाकलं. हे एक्स्टेन्शन टाकणाऱ्यांवर माझा वेगळाच राग आहे, अरे तुझ्या लॅपटॉपवर बंद केलंस, मॉस्कोहून बुकिंग करणाऱ्या बाईच्या लॅपटॉपवर कोण जाणार?

पण मूळ प्रश्न असा की त्याच पानावरून, त्याच एपीआयला, त्याच पद्धतीने जाणारी काही बुकिंग जातात, तर कॉर्सची सेटिंग चुकलेली कशी असेल? चुकलेली असती तर एकही गेलं नसतं. खरं झालं होतं ते असं. कॉर्सचे हेडर (उत्तरासोबत जाणाऱ्या परवानगीच्या ओळी) एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ॲड हेडरने लावले होते, आणि एनजिनएक्स ते हेडर २०० वगैरे ठराविक स्टेटसलाच लावतो, ५०० ला लावत नाही, जोवर पुढे ऑलवेज लिहीत नाही. म्हणजे आत कोड ५०० ने पडला, हेडर लागलं नाही, ब्राउझरला हेडर दिसलं नाही, त्याने बोंब मारली कॉर्सची. ऑलवेज टाकलं आणि मागचा खरा ५०० समोर आला.

तो ५०० कशामुळे? पाहुण्यांनी "काही खास विनंती" मध्ये टाकलेल्या इमोजीमुळे. नारळाचं झाड, लाटा, नाचणारी बाई. डेटाबेसमधलं टेबल मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफएट या अक्षरं साठवायच्या पद्धतीत होतं, त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाईट मिळतात, देवनागरी तीनमध्ये बसते म्हणून आमच्या मराठी टेस्टिंगमध्ये कधी काही सापडलं नाही, आणि त्या इमोजींना चार लागतात. टेबल यूटीएफएट एमबीफोर केलं, कनेक्शनचाही कॅरॅक्टर सेट तोच केला (हे दुसरं विसरतात), संपलं.

बाकीच्या, भराभर

लारावेल फ्रेमवर्कचा ४१९ किंवा जँगोचा ४०३ आला तर सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट तुमच्याच पानावरून आली याची खूण) बघा, हेडरमध्ये पाठवा. तपासणीच बंद करून टाकणाऱ्याला मी लाईव्हचा पासवर्ड देत नाही.

४१३ म्हणजे फाईल मोठी, एनजिनएक्स मुळात १ एमबीवर अडवतो. पीएचपीची २ एमबीची मर्यादा त्याच्या मागे वेगळी उभी असते, म्हणजे एक वाढवून "तरी होत नाही" म्हणू नका.

५०२ म्हणजे एनजिनएक्सच्या मागचा माणूस (तुमचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) जागेवर नाही, ५०४ म्हणजे जागेवर आहे पण ६० सेकंदांत उत्तर दिलं नाही. टाईमआऊट ६०० करण्याआधी क्वेरीला इंडेक्स आहे का बघा.

विंडोजवर चालतं आणि सर्व्हरवर ५००, तर फाईलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल तपासा. मला एकदा यात आख्खा शनिवार गेलाय, कुठल्या प्रोजेक्टवर ते सांगणार नाही.

स्टेटस ० हा सर्व्हरचा एरर नाहीच. उत्तर पोचलंच नाही, किंवा तुम्ही प्रिव्हेंट डिफॉल्ट विसरलात आणि पान रीलोड होऊन रिक्वेस्ट मधेच कापली गेली. सत्तरीतलं नेटवर्क इथे खुशाल धरा.

रिक्वेस्ट गेल्यावर बटण बंद करा. माणसं दोनदा दाबतात, दुसऱ्या वेळी युनिक कीवर (तीच नोंद दोनदा घेऊ न देणारा डेटाबेसचा नियम) आपटून ५०० येतो, आणि पहिलं बुकिंग खरं तर झालेलं असतं.

आणि लाईव्हवर डीबग चालू करून एरर शोधलात ना, मग तो बंद करूनच चहाला जा. आमच्याकडचा एक तसाच पाव-भाजी खायला गेला होता, परत येईपर्यंत त्या पानावर डेटाबेसचा पासवर्ड सगळ्यांना दिसत होता.