गाउसच्या मेंदूचा जुना अभ्यास कसा वाचावा

शरीररचना शिकवताना मी वजनाचा आकडा आधी झाकायलाच लावते. गणिती गाउस १८५५ मध्ये ग्योटिंगेनला वारले. शरीरशास्त्रज्ञ रुडोल्फ वाग्नर यांनी त्यांचा मेंदू तोलला, भरला १४९२ ग्रॅम. त्यावरून बुद्धीचा अंदाज बांधू नका. शेजारी खनिजशास्त्रज्ञ हाउसमान यांचे १२२६ ग्रॅम मांडा; तेही नामांकित प्राध्यापकच!

मग वाग्नर यांनी प्रसिद्ध केलेली या मेंदूंची चित्रं समोर घ्या. भिंग लावून मेंदूच्या पृष्ठभागावर वरून खाली येणारी मध्यवर्ती खाच शोधा. ती सलग आहे की मध्येच तुटलेली? इथे घाई नको, खरी ओळख इथेच पटते. जतन केलेल्या मेंदूच्या बरणीवरच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका. गाउस आणि वैद्य फुक्स यांच्या मेंदूंची अदलाबदल झाली होती. २०१३ मध्ये मेंदू-संशोधक रेनाटे श्वाइट्सर यांनी हीच चित्रं बरण्यांतल्या मेंदूंच्या एमआरआयशी ताडली, तेव्हा उलगडलं: तुटलेली खाच फुक्स यांची.